समुद्री जीव बघायला डाइव्हला जाताय? मग हा क्रम चुकवू नका

कासव दिसलं की लोक त्याच्या मागे सुटतात. हात मारतात, पाय झाडतात, तळाची माती उठते आणि कासव दोन वल्ह्यांत निळ्यात नाहीसं होतं. वर आल्यावर तक्रार एकच: फार काही दिसलं नाही. अशा डाइव्ह मी इतक्या पाहिल्या आहेत की चूक कुठे होते ते आता बोटीवरच कळतं. आधी कमरेला लावायचं शिशाचं वजन, मग कान, मग श्वास आणि सगळ्यात शेवटी प्राणी, असा खरा क्रम आहे. बहुतेक जण तो उलटा करतात.

हा लेख प्रशिक्षणाची जागा घेत नाही. ज्यांनी प्राथमिक कोर्स केला आहे किंवा जे प्रशिक्षकाबरोबर पहिल्यांदा उतरणार आहेत, त्यांच्यासाठी तो आहे. प्राथमिक, म्हणजे ओपन वॉटर, कोर्स झालेल्यांची मर्यादा १८ मीटर आणि कोर्स न करता प्रशिक्षकाबरोबर उतरणाऱ्यांची १२ मीटर. उबदार किनारी पाण्यात बघण्यासारखं बहुतेक सगळं याच खोलीत असतं, तेव्हा आणखी खाली जाण्याचा हट्ट नको.

## १. निघण्याआधी: शरीर

डाइव्हच्या आधी आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. सगळीकडे "नाही" वर खूण करून मोकळं होऊ नका. दमा, हृदयविकार, फुफ्फुसाचा जुना आजार, कानाची शस्त्रक्रिया, फिट येणं, गरोदरपण यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. गरोदर असाल तर डाइव्ह नकोच.

सर्दी असेल तर डाइव्ह रद्द करा. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरण्याची युक्ती बरेच जण सांगतात, ती घातक आहे. गोळीचा असर पाण्याखाली असतानाच ओसरला तर कानात आणि सायनसमध्ये अडकलेली हवा वर येताना फुगते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. उतरताना कान दुखला तर परत वर येता येतं. वर येताना दुखला तर हवा संपेपर्यंतच थांबता येतं.

आदल्या रात्री दारू नको, झोप पूर्ण हवी आणि सकाळपासून पाणी पीत राहा. बोट लागत असेल तर त्याची गोळी बोटीवर चढण्याच्या तासभर आधी घ्यावी लागते, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. मात्र त्या गोळीने तुम्हाला झोप येते का, हे जमिनीवर एखाद्या दिवशी घेऊन बघितलेलं असू द्या.

तपासा: परतीचं विमान कधी आहे? एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त डाइव्ह किंवा सलग काही दिवस डाइव्ह असतील तर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. उंच घाटातून गाडीने जाणार असाल तर तेही विचारून घ्या. हे बेत आखतानाच बघायचं असतं.

## २. वेळ निवडणं

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. पाणी जोरात आत-बाहेर होतं, तळ ढवळला जातो, प्रवाह वाढतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते आणि पाणी तुलनेने शांत राहतं. नवख्यांनी शक्यतो हेच दिवस निवडावेत. दिवसातला वेळही महत्त्वाचा: भरती पूर्ण होऊन पाणी क्षणभर थबकतं, त्याच्या आगेमागे प्रवाह कमी असतो आणि बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं. मोठा पाऊस पडून गेला असेल तर खाडीच्या किंवा नदीच्या मुखाजवळची जागा दोन-तीन दिवस विसरा.

गाइडला उतरण्याआधी चार गोष्टी विचारा: खोली किती, प्रवाह कुठल्या दिशेला, वर कुठून यायचं, आणि इथे कुठले प्राणी असतात व त्यांच्यासाठी जागेचे नियम काय. शेवटचा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही.

## ३. साहित्य

मास्क पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा आणि नाकाने हलका श्वास आत घ्या. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर माप बरोबर. कडेखाली केस किंवा मिशी आली तर पाणी झिरपणारच. मास्क नवा असेल तर काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. साध्या टूथपेस्टने तो आतून नीट चोळून धुवा, नाहीतर थुंकी लावा की औषध लावा, काच धुरकटतच राहील.

पाणी २८ अंशांचं असलं तरी वेटसूट किंवा निदान पूर्ण बाह्यांचा अंगाबरोबर बसणारा कपडा घाला. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं, त्यामुळे पाऊण तासात कुडकुडायला होतं आणि थंडी वाजली की श्वास वाढतो. जेलीफिशच्या तंतूंपासून आणि उन्हापासूनही त्याच कपड्याने बचाव होतो. अंग झाकलं की सनस्क्रीन थोडंच लागतं. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही सनस्क्रीनमधली दोन रसायनं प्रवाळाला अपायकारक मानली जातात. हवाई बेटांवर अशा सनस्क्रीनची विक्री २०२१ पासून बंद आहे.

गेज (सिलिंडरमधली हवा दाखवणारं मीटर) आणि जादा रेग्युलेटर (ज्यातून श्वास घ्यायचा ते तोंडात धरायचं उपकरण) हवा भरून तरंगायच्या जॅकेटला क्लिपने अडकवा. लोंबकळणारी नळी प्रवाळावरून घासत जाते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. हातमोजे घालू नका. हातात मोजा असला की माणूस बिनदिक्कत कशालाही धरतो, म्हणूनच बऱ्याच सागरी उद्यानांत त्यांना बंदी आहे. कॅमेरा पहिल्या २०-२५ डाइव्हपर्यंत वरच ठेवा.

## ४. बोटीवरची तपासणी

जोडीदाराने जोडीदाराची तपासणी करायची, आणि दरवेळी याच क्रमाने: जॅकेटमध्ये हवा भरते आणि निघते का, वजनाचा पट्टा नीट बसला आहे आणि एका हाताने सुटतो का, सगळे बकल, मग हवा, शेवटी मास्क आणि फिन (पायातली वल्ही).

यात हवेची तपासणी सगळ्यात जास्त वरवर केली जाते. गेजवर २०० बार (बार म्हणजे दाबाचं एकक) दिसलं की लोक समाधानी होतात. माझ्या एका डाइव्हला सिलिंडरचा व्हॉल्व्ह कुणीतरी जेमतेम उघडून ठेवला होता. बोटीवर श्वास सुरेख येत होता. १५ मीटरवर तो जड झाला, जणू कुणी नळीवर पाय ठेवला आहे. गेजकडे बघितलं तर आत ओढताना काटा खाली पडे आणि सोडताना परत वर येई. खोलीवर प्रत्येक श्वासाला जास्त हवा लागते आणि अर्धवट उघडलेल्या व्हॉल्व्हमधून ती पुरेशी येत नाही. जोडीदाराने मागून व्हॉल्व्ह उघडला म्हणून निभावलं. ती चूक दुसऱ्याची होती, पण न तपासण्याची माझी.

तेव्हापासून मी गेजकडे बघत रेग्युलेटरमधून चार मोठे श्वास घेतो. काटा तसूभरही हलता कामा नये. हललाच तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास किंवा चव आली तर ते सिलिंडर परत करा, वाद घालत बसू नका.

सावधान: पाण्याखाली वर केलेला अंगठा म्हणजे "छान" नव्हे, "वर चला". मासा बघून खुशीत अंगठा दाखवणाऱ्याला गाइड खरोखरच वर घेऊन जातो. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करा. कान दुखतोय, हवा कमी आहे, हवा संपली, थांबा, या खुणा उतरण्याआधी एकमेकांना करून दाखवा.

## ५. वजन: इथेच डाइव्ह बनते किंवा बिघडते

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. प्रवाळ मोडणं, माती उठणं, हवा लवकर संपणं, प्राणी पळणं या चारही तक्रारींचं मूळ कमरेच्या जादा शिशात असतं.

कारण असं. जास्त वजन लावलं की तरंगायला जॅकेटमध्ये जास्त हवा भरावी लागते. ही हवा खोलीप्रमाणे आकुंचन-प्रसरण पावते. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, २० मीटरवर तिप्पट. म्हणजे जरा खाली गेलात की फुगा लहान होऊन तुम्ही आणखी बुडता, जरा वर आलात की तो मोठा होऊन तुम्हाला ओढतो. हवा छातीशी आणि शिसं कमरेशी, त्यामुळे डोकं वर, पाय खाली असं उभं शरीर होतं. मग प्रत्येक लाथ सरळ तळावर.

तपासणी अशी करा:

१. उथळ, शांत पाण्यात पूर्ण साहित्य घालून, रेग्युलेटर तोंडात धरून तरंगा.
२. जॅकेटमधली सगळी हवा सोडा. पाय अजिबात हलवू नका. घोटे एकमेकांत अडकवले तर उत्तम.
३. नेहमीसारखा श्वास घेऊन क्षणभर थांबा. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं पाहिजे.
४. श्वास सोडा. आता सावकाश बुडायला हवं.

दगडासारखे गेलात तर वजन काढा, एका वेळी एक किलो. सिलिंडर भरलेलं असताना ही तपासणी करत असाल तर वर दोन किलो जास्त ठेवा. हवेलाही वजन असतं: १२ लिटरच्या सिलिंडरमधून १५० बार हवा वापरली की दोन किलोंहून थोडं जास्त वजन कमी होतं आणि नेमकं शेवटी, ५ मीटरवर थांबायच्या वेळी, तुम्ही वर तरंगायला लागता. तलावात सराव केला असेल तर खाऱ्या पाण्यात तेच वजन कमी पडेल, साधारण दोन-तीन किलोंचा फरक येतो.

बुडत नाही म्हणून लगेच वजन वाढवायची घाई नको. आधी तीन गोष्टी बघा: पाय नकळत हलतायत का, छाती अर्धी भरलेलीच राहते आहे का, जॅकेटच्या खांद्यात हवा अडकली आहे का. पहिल्याच डाइव्हला घाबरलेला माणूस श्वास पूर्ण सोडतच नाही. त्याला शिशाची नव्हे, एका लांब उच्छ्वासाची गरज असते.

## ६. उतरणं

पाय खाली ठेवून, शक्यतो दोरीच्या कडेने उतरा. कान दुखायची वाट बघू नका. पृष्ठभागावरच एकदा नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारा आणि मग पहिल्या काही मीटरांत जवळजवळ प्रत्येक हातभर अंतराला. दाबाचा सगळ्यात मोठा फरक पहिल्या १० मीटरांत पडतो. कान मोकळा झाला नाही तर अर्धा-एक मीटर वर या, गिळा, जबडा हलवा, पुन्हा करून बघा. जोर लावून फुंकू नका, त्याने आतल्या कानाला कायमची इजा होऊ शकते.

मास्क चेहऱ्यावर आवळायला लागला तर नाकातून थोडा श्वास आत सोडा. हे विसरलेल्यांचे डोळे वर आल्यावर लालभडक झालेले असतात.

सावधान: श्वास कधीही रोखायचा नाही. सिलिंडरची हवा छातीत कोंडून जेमतेम मीटर-सव्वा मीटर वर आलात तरी फुफ्फुस फाटू शकतं. बाकी कुठल्याही नियमाआधी हा नियम.

## ७. तळाजवळची पहिली दोन मिनिटं

इथे काही बघू नका. खरंच. रेतीच्या मोकळ्या पट्ट्यावर, तळापासून दीड-दोन मीटर वर थांबा आणि आडवे व्हा. हात छातीशी किंवा पोटाशी. जॅकेटमध्ये छोट्या छोट्या फुंकरीने हवा भरा आणि दर वेळी थांबून बघा, कारण परिणाम दोन-तीन सेकंद उशिरा जाणवतो. बरोबर जमलं की सावकाश श्वास घेताना शरीर जरासं उचलतं, सोडताना जरासं बसतं. याच श्वासाने पुढे प्रवाळाच्या उंचवट्यावरून तरंगत जायचं असतं.

पाय बेडकासारखे हलवा: गुडघे वाकवून, तळवे बाहेर, मागे ढकलून थांबा. या पद्धतीत पाणी मागे जातं, तळावर आपटत नाही.

आता हवेचा हिशेब. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल तर १० मीटरवर ४० आणि २० मीटरवर ६० लिटर लागते. १२ लिटर, २०० बार सिलिंडरमध्ये २४०० लिटर. वर येताना ५० बार शिल्लक हवे, म्हणजे वापरायला १८००. १० मीटरवर ४५ मिनिटं, २० मीटरवर अर्धा तास. धावपळ केली की हे आकडे निम्म्यावर येतात.

तपासा: अर्धा मिनिट हातपाय न हलवता एका जागी तरंगता येतं का? येत नसेल तर आज प्रवाळापासून लांब, रेतीवरूनच पोहा.

## ८. प्राण्याजवळ जाणं

दिसल्यावर आधी थांबा. गेज, खोली, जोडीदार, तिन्हीकडे नजर टाका. मग तिरक्या रेषेत, प्राण्याच्याच पातळीवरून पुढे सरका. सरळ समोरून किंवा डोक्यावरून येणारा प्राणी म्हणजे शिकारी, हे समुद्रातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. दोन श्वासांचं अंतर जा, थांबा, त्याचं काय चाललं आहे ते बघा. जे करत होता तेच करत असेल तर आणखी थोडं. करायचं थांबला, मान वर केली, रंग बदलला, तोंड वळवलं, तर तुम्ही आधीच जास्त जवळ आहात. मागे या.

एकदा एक हॉक्सबिल कासव स्पंज खात होतं. मी चार-पाच मीटरवर रेतीवर तरंगत राहिलो, श्वास बारीक आणि लांब. ते चोचीने कडेचा तुकडा धरून मानेला हिसका देई, पुढच्या पायाने दगडाला रेटा देई, आणि उडालेल्या चुऱ्यावर दोन एंजलफिश तुटून पडत. दहाएक मिनिटं असंच चाललं. मग ते स्वतःच माझ्या बाजूला खात खात आलं, इतकं की पापणीची सुरकुती दिसली. मागे लागून एवढं जवळून कासव कधीच दिसत नाही.

कासव: ते हवेत श्वास घेतं. वर निघालं की वाट पूर्ण मोकळी सोडा, त्याच्यावर तरंगू नका. दमवलेल्या कासवाला लवकर लवकर वर यावं लागतं.

पाकट: रेतीत अंग पुरून बसतं, नुसते डोळे दिसतात. रेतीवर उभं राहण्याआधी नीट बघा. नांगी शेपटीवर असते, तेव्हा मागून किंवा वरून जाऊ नका. उथळ पाण्यात चालताना पाय न उचलता घासत चाला.

मोरे ईल: तोंड सतत उघडते-मिटते ते कल्ल्यांवरून पाणी नेण्यासाठी, रागाने नव्हे. पण तिच्या बिळात बोट घातलं तर ती चावणारच. कुठल्याच कपारीत हात घालायचा नाही.

टायटन ट्रिगरफिश: घरटं राखत असताना थेट अंगावर येऊन चावतो. पाठीवरचा काटा उभा केला की तो इशारा समजा. त्याची हद्द घरट्यापासून वरच्या दिशेने शंकूसारखी रुंदावत जाते, म्हणून वर पळालात तर त्याच्याच हद्दीत राहता. फिन त्याच्याकडे ठेवून आडवे दूर जा.

लायनफिश, स्कॉर्पियनफिश, स्टोनफिश: तिघांच्या पाठीच्या काट्यांत विष. लायनफिश निदान दिसतो, बाकीचे दोघे दगडच वाटतात. पाण्यात पाच-सहा मीटरखाली लाल रंग जवळजवळ उरत नाही, त्यामुळे लालसर स्कॉर्पियनफिश करडा होऊन मिसळून जातो. छोटा टॉर्च जवळ ठेवा, पण प्राण्याच्या डोळ्यांत मारू नका.

शंख: सुंदर नक्षीचा कोन शंख जिवंत असेल तर विषारी दात भाल्यासारखा मारतो आणि त्यावर उतारा नाही. पाण्याखाली एकही शंख उचलू नका.

व्हेल शार्क आणि मांटा (पंखांसारखं रुंद अंग असलेलं मोठं पाकट): व्हेल शार्कच्या अंगापासून ३ मीटर आणि शेपटीपासून ४ मीटर हा बऱ्याच ठिकाणचा नियम. मांटा जिथे छोट्या माशांकडून अंग साफ करून घेतात, तिथे बाजूला, खाली आणि स्थिर राहा. वरून गेलात आणि तुमचे बुडबुडे तिच्यावर पडले की ती निघून जाते.

हात कशालाच लावायचा नाही. माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्यांना रोगांपासून वाचवतो, तो पुसला जातो. प्रवाळाचं जिवंत अंग तर सांगाड्यावरची पातळ साय असते. त्याचे भरीव प्रकार वर्षाला साधारण सेंटिमीटरभरच वाढतात, म्हणजे फिनच्या एका फटक्यात कित्येक वर्षांची वाढ जाते. माशांना खाऊही घालू नका, पावाच्या तुकड्यांची सवय लागलेले मासे माणसाच्या बोटांनाही चावतात.

## ९. वर येणं

१०० बारला परतीला लागा आणि ५० बार शिल्लक असताना पृष्ठभागावर असा. वेग मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त नको. सर्वात लहान बुडबुड्यांच्याही मागे राहा. जॅकेटमधली हवा फुगत जाते, ती थोडी थोडी सोडत चला. ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा, वर कासव दिसलं तरी.

जोडीदार हरवला तर एक मिनिट आजूबाजूला शोधा, सापडला नाही तर वर या, तोही वर येतो. शेवटच्या टप्प्यात वर बघा, एक हात डोक्यावर, सावकाश गोल फिरा आणि बोटीच्या इंजिनचा आवाज ऐका. पाण्यात आवाज हवेच्या चौपट वेगाने येतो, त्यामुळे दिशा कळत नाही. आवाज आला की खालीच थांबा.

## १०. वर आल्यावर

पाकट, लायनफिश किंवा स्टोनफिशचा काटा लागला असेल तर जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांपर्यंत, ३० ते ९० मिनिटं बुडवा. पाणी आधी न दुखावलेल्या हाताने तपासा, आणि डॉक्टरांकडे न्याच. जेलीफिशचे तंतू चोळू नका, गोडं पाणी ओतू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवून चिमट्याने काढा.

सांधे दुखणं, मुंग्या येणं, अंगावर चट्टे, विलक्षण थकवा, चक्कर, यांतलं काहीही पुढच्या २४ तासांत जाणवलं तर "दमलोय म्हणून असेल" असं म्हणू नका. आडवं व्हा, शुद्ध ऑक्सिजन मागा आणि डॉक्टरांना डाइव्ह केल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा.

हे काही नसेल तर साहित्य गोड्या पाण्यात भिजत घाला आणि ते भिजतंय तोवर वहीत लिहा: किती किलो वजन लावलं, कुठला सूट, कुठलं सिलिंडर, किती बारने सुरुवात आणि शेवट, ५ मीटरवर तरंगायला लागलात की बुडायला. पुढच्या वेळी पाचव्या पायरीला याच ओळीपासून सुरुवात करा.